एनआयव्ही, झिका आणि सोनीपतला कधीच न सुटलेले डास

मुळामुठा (धागालेखक)

२०२४च्या पावसाळ्याच्या तोंडावर एरंडवण्यात झिकाचे रुग्ण निघाले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर दोन प्रकारचे निरोप फिरत होते. एक, कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करा. दोन, "हा आफ्रिकेतला रोग आहे, इथे कधीच नव्हता, कुणीतरी आणून सोडलाय." पहिल्याबद्दल वाद नाही. दुसऱ्यामागे लागून जरा वाचायला घेतलं तर भलतंच काहीबाही हाती लागलं, म्हणून हा धागा.

झिका हे युगांडातल्या एन्टेबीजवळच्या एका जंगलाचं नाव. १९४७ साली तिथे पिवळ्या तापाचा माग काढायला झाडांवर पिंजरे बांधून माकडं ठेवली होती. त्यातल्या ७६६ क्रमांकाच्या ऱ्हीसस माकडाला ताप आला आणि त्याच्या रक्तातून नवाच विषाणू निघाला. पुढच्या वर्षी तोच विषाणू तिथल्या एडिस आफ्रिकानस डासांत सापडला. गंमत म्हणजे ऱ्हीसस हे आफ्रिकेतलं माकड नव्हेच, ते आपल्याकडचं, आशियातलं. म्हणजे या विषाणूच्या पहिल्याच नोंदीत एक आशियाई प्राणी आहे!

ती एन्टेबीची संस्था १९३६ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून उभी राहिली. त्याच अमेरिकन फाउंडेशननं आयसीएमआरबरोबर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) १९५२ साली पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. तीच आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, नाव बदललं १९७८ साली. आता मुख्य गोष्ट. केंद्र सुरू झाल्यावर पहिल्या कामांपैकी एक म्हणजे देशात ठिकठिकाणच्या लोकांचं रक्त घेऊन त्यात कोणकोणत्या विषाणूंची प्रतिपिंडं (संसर्ग होऊन गेल्यावर रक्तात उरणारी विषाणूविरोधी प्रथिनं) आहेत ते पाहणं. स्मिथबर्न, केर आणि गटणे या तिघांचा त्यावरचा शोधनिबंध १९५४ साली आला. यातले स्मिथबर्न आधी युगांडात होते, वेस्ट नाईल विषाणू वेगळा करणारे तेच. झिकासाठी १९६ जणांचं रक्त तपासलं आणि ३३ जणांत प्रतिपिंडं निघाली.

तर "इथे कधीच नव्हता" हे वाक्य १९५४ पासूनच डळमळीत आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंवर आपण परदेशी संस्थांबरोबर सत्तर वर्षं काम करतोय. त्यातून आपल्याला काय मिळालं, काय गेलं, आणि कुणाच्या अटींवर? माहीतगारांनी लिहावं.

रिकामटेकडी

वाखुसा (वाचनखूण साठवली). पण एक बाळबोध शंका. १९५२ मध्ये ३३ लोकांच्या रक्तात झिका होता, तर मग पुढची साठ वर्षं एकही रुग्ण का सापडला नाही? रुग्ण सापडले ते थेट २०१७ च्या अहमदाबादच्या बातमीत ना?

मुळामुठा

शंका बाळबोध नाही, नेमकी आहे. दोन कारणं. झिका झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, उरलेल्यांना थोडा ताप, पुरळ, डोळे लाल. डॉक्टरही "व्हायरल आहे" म्हणून सोडून देतो. दुसरं, झिका आणि डेंग्यू हे एकाच कुळातले, त्यामुळे डेंग्यू होऊन गेलेल्याचं रक्त झिकाच्या चाचणीत खोटी साक्ष देऊ शकतं. म्हणून त्या ३३ पैकी सगळे झिकाचेच होते असं कुणीच छातीठोक म्हणत नाही. मी "डळमळीत" म्हटलं ते त्याचसाठी.

काचनळी

मुठाभाऊ, ३३ आणि १९६ एवढं लिहून तुम्ही मोकळे झालात. तो आकडा येतो कसा, ते सांगतो. माझी नोकरी कीटकशास्त्र विभागात गेली (संस्थेचं नाव नको), आणि मला शिकवणारे लोक त्या जुन्या पद्धतीत वाढलेले होते.

तेव्हा विषाणू वाढवायला उंदरांची पिल्लं लागत. एकदोन दिवसांची, गुलाबी, डोळे न उघडलेली. डास खलात वाटून त्याचा अर्क, नाहीतर रुग्णाचा रक्तद्रव, बारीक सुईनं थेट मेंदूत टोचायचा. मग रोज सकाळी पेटी उघडून पाहायचं. कुठलं पिल्लू दुधाला लागत नाहीये, कुठलं अंग ताणून पडलंय, कुठलं आईनं रात्रीत खाऊन टाकलंय. शेवटच्याची नोंद करायला विसरलं की साहेब वही तोंडावर फेकत. प्रतिपिंडाची चाचणी याच्या उलट. ओळखीचा विषाणू घ्यायचा, माणसाच्या रक्तद्रवात मिसळायचा आणि मग उंदराला टोचायचा. उंदीर मेला तर रक्तद्रवात काही नाही. जगला तर त्या माणसाच्या रक्तानं विषाणूला थोपवलं. त्या १९६ पैकी ३३ जणांच्या रक्तानं उंदीर वाचवले, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

आणि यात भागीदारी कुठे येते ते बघा. "ओळखीचा विषाणू" हातात असल्याशिवाय ही चाचणी होतच नाही. युगांडातल्या मंडळींनी तो वेगळा काढून जपून ठेवला नसता, तर भारतात झिका आहे का हा प्रश्नच कुणाला विचारता आला नसता.

मैदानी कामाचं वेगळं. काचेची नळी, तिला जोडलेली रबरी नळी, मध्ये जाळीचा तुकडा. गोठ्याच्या भिंतीवर बसलेल्या डासावर काच धरायची आणि तोंडानं हलकेच ओढायचं. जाळी फाटलेली असली तर काय होतं ते सांगत नाही. मग बर्फाच्या तबकावर जात लावायची, माद्या वेगळ्या करायच्या, एका कुपीत फार तर पन्नास, आणि कुपी नायट्रोजनच्या टाकीत. आता पीसीआर आलं, उंदीर गेले. पण कुपीवर गाव, घर, तारीख नीट लिहिलेली नसेल तर जगातलं कुठलंही यंत्र पुढे काही करू शकत नाही.

कोपरखळी

सगळं छान छान चाललंय. मी जरा मीठ टाकतो.

रॉकफेलरला पुण्यातल्या माणसांच्या रक्ताचा एवढा कळवळा का होता? पनामा कालव्यापासून अमेरिकेला पिवळ्या तापाचा धसका, आणि भारतात तो का येत नाही हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांचा प्रश्न, आपलं रक्त. आणि सोनीपतबद्दल कुणी बोलणार आहे का? की ते "षड्यंत्रवादी" म्हणून झाकून ठेवायचं?

मुळामुठा

बोला की. धाग्याच्या नावातच सोनीपत घातलंय, ते कुणीतरी उकरावं म्हणूनच.

कोपरखळी

मग घ्या. १९६९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांच्यात करार झाला आणि दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचं केंद्र निघालं, जेनेटिक कंट्रोल ऑफ मॉस्किटोज युनिट. पैसा अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचा, तोही पीएल-४८० मधला. म्हणजे आपण अमेरिकेचा गहू खाल्ला, त्याचे जे रुपये इथे साठले होते त्यातून. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी वंध्य केलेले क्युलेक्स नर सोडले (अशा नराशी जुळलेल्या मादीची अंडी उबत नाहीत, म्हणून डास घटतात). क्युलेक्स हत्तीरोग पसरवतो, तेव्हा ठीक. पण पुढचा मोठा बेत होता सोनीपत शहरात एडिस इजिप्ती सोडायचा. एडिसवर एवढा जीव का? तोच पिवळ्या तापाचा वाहक, आणि पिवळा ताप भारतात नाही! जो रोग देशात नाही त्याच्या डासाचा हिशेब, तो किती उडतो, किती जगतो, कुठे अंडी घालतो, हा कुणाच्या कामाचा? १९७४ साली पीटीआय या वृत्तसंस्थेनं हाच प्रश्न विचारला. जैविक युद्धाची चाचपणी असल्याचा संशय उघड मांडला गेला, संसदेत गदारोळ झाला, संसदेच्या लोकलेखा समितीनं चौकशी केली. १९७५च्या सुरुवातीला सोनीपतचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द, आणि त्याच वर्षी युनिटच बंद. आता म्हणा षड्यंत्र.

काचनळी

म्हणत नाही. पण अर्धंच सांगितलंत.

एडिस इजिप्ती डेंग्यू पसरवतो, चिकुनगुन्याही पसरवतो. १९६३ साली कलकत्त्यात आणि पुढच्या वर्षी मद्रासेत चिकुनगुन्याच्या मोठ्या साथी झालेल्या होत्या. त्यामुळे "भारताला एडिसचं काय" हा सवाल ऐकायला धारदार आहे, पण भारताला एडिसचं बरंच काही होतं. सोडायचे होते ते नर, आणि नर चावत नाही, तो फुलांच्या रसावर जगतो. जैविक युद्धाचा आरोप तर आजतागायत सिद्ध झालेला नाही.

तरी तुमच्या बाजूनं एक गोष्ट मीच सांगतो. काही प्रयोगांत डास वंध्य करायला थायोटेपा नावाचं रसायन वापरत. ते कर्करोगावरच्या उपचारात वापरतात, आणि स्वतः धोकादायक आहे. खेड्यातल्या लोकांना याची कुणी नीट कल्पना दिली होती? बातमी आल्यावर केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आधी गप्प बसणं पसंत केलं, जिनिव्हानंही (म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयानं) तेच. बोलायला लागले तेव्हा उशीर झाला होता. "नेचर" या विज्ञाननियतकालिकानं तेव्हा संपादकीय लिहून दिल्ली आणि जिनिव्हा दोघांचीही खरडपट्टी काढली होती. आमच्या पिढीतले लोक हळहळायचे, की काम सगळ्या जगाच्या पुढे होतं, आणि बोलता न आल्यामुळे बुडालं.

नियमबुवा

लोकलेखा समितीचा तो १६७ वा अहवाल, एप्रिल १९७५. अभ्यासण्यासारखा दस्तऐवज आहे, कारण तो फक्त डासांवर नाही. परदेशी सहभागाच्या बऱ्याच संशोधन प्रकल्पांची झाडाझडती त्यात आहे, आणि त्यात मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीही आली.

संबंध असा. १९५७ साली शिमोग्याकडे माकडं मरायला लागली आणि माणसांना जीवघेणा ताप यायला लागला. पुण्याच्या केंद्रानं विषाणू शोधला, तो क्यासनूर जंगलाचा आजार. तो डासांचा नाही, गोचिडीचा. पण त्याचे भाऊबंद रशियात सापडतात, म्हणून शंका आली की स्थलांतर करणारे पक्षी गोचिड्या घेऊन येत असतील. त्यातून सालिम अलींच्या पक्ष्यांना वाळे घालण्याच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा मिळाला. पुढे पैसा आला अमेरिकन लष्कराच्या एका प्रकल्पाकडून. पक्षी मोजणाऱ्या संस्थेला लष्कराचा पैसा म्हटल्यावर समितीच्या भुवया उंचावल्या तर नवल काय?

माझं मत विचाराल तर समितीची भाषा जागोजागी अतिरेकी आहे, पण तिचा मूळ प्रश्न रास्त होता: करार करताना देशातल्या कोणत्या यंत्रणेनं सगळे कागद एकत्र पाहिले? तेव्हा उत्तर "कोणीच नाही" असं होतं. आज आरोग्य संशोधनात परदेशी भागीदार असेल तर प्रस्ताव आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जातो. संशोधक तिच्या नावानं बोटं मोडतात, फाइल महिनोन्महिने पडून राहते म्हणून. पण ती चाळणी का आली याचं उत्तर बऱ्याच अंशी या सगळ्या गोंधळात आहे.

रिकामटेकडी

म्हणजे डास सुटले नाहीत, पण समिती सुटली.

बार्शीलाईट

इतका वेळ नुसता वाचत होतो. दवाखाना सोलापूर जिल्ह्यात, त्यामुळे चिकुनगुन्याचा विषय निघाला की आमच्या गावाचं नाव येणारच. १९७३ साली बार्शीत जी साथ झाली तिचा अभ्यास पुण्याच्याच केंद्रानं केला. वडील सांगायचे की माणसं भिंत धरून चालत होती. त्यानंतर हा आजार जो गायब झाला तो तीस वर्षं. मला शिकवताना सर म्हणाले, "हे पान उलटा, परीक्षेत येत नाही."

आणि २००६ मध्ये ओपीडी वाकलेल्या माणसांनी भरली. सरकारी आकडा त्या वर्षी देशभरात तेरा लाखांच्या वर संशयित रुग्ण. तेव्हा कळलं ते असं. ही साथ २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर सुरू झाली, तिथून कोमोरोस बेटं, मग रियुनियन, मग भारत. रियुनियन हे फ्रान्सचं बेट, तिथे तिसरा हिस्सा लोक आजारी पडले. फ्रान्सच्या पाश्चर इन्स्टिट्यूटनं तिथल्या विषाणूचा जनुकीय आराखडा वाचून काढला आणि त्याच्या आवरणातल्या एका प्रथिनात एका जागी बदल झालेला दाखवला, २२६ व्या जागी. पुढे अमेरिकेतल्या प्रयोगांनी सिद्ध केलं की त्या एका बदलामुळे तो एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या डासात जोमानं वाढतो. हा डास रबराच्या मळ्यांत आणि झाडीत राहणारा. २००७ मध्ये तोच बदल केरळात दिसला. तीन ठिकाणच्या लोकांनी आपापला तुकडा मांडला नसता तर केरळ एवढा का पेटला हे कळलंच नसतं.

आता पुण्याच्या वाट्याचा तुकडा. एनआयव्हीनं जुने साठवलेले नमुने काढून तुलना केली. १९६३ ते १९७३ मधले विषाणू आशियाई घराण्यातले, २००५-०६ मधले आफ्रिकी. आणि मध्येच एक कुपी, २००० सालची, यवतला पकडलेल्या डासांतली. तीही आफ्रिकी! सोलापूर रस्त्यावरचं आपलं यवत. म्हणजे साथ यायच्या पाच वर्षं आधी हा पाहुणा दौंड तालुक्यात येऊन बसलेला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. काचनळीकाका म्हणतात ते गाव-घर-तारीख प्रकरण मला यवतमुळे पटलं.

आणि रोग नेहमी "तिकडून इकडे" येतो असं नाही. २००७ च्या उन्हाळ्यात इटलीत रावेन्नाजवळच्या कास्तिल्योने दी चेर्विया या खेड्यात चिकुनगुन्या पसरला, दोनेकशे लोक आजारी. सुरुवात झाली केरळातून आलेल्या एका पाहुण्यापासून. तिथल्या व्हॉट्सअॅपवर (तेव्हा नव्हतं, पण असतं तर) "हा भारतातला रोग, कुणीतरी आणून सोडलाय" असंच फिरलं असतं.

कोपरखळी

यवतची गोष्ट आवडली. पण डॉक्टर, ती माझ्याच बाजूची आहे. कुपी आपली, फ्रीझर आपला, निबंध आपला. परदेशी भागीदार लागला कुठे?

बार्शीलाईट

"आफ्रिकी" हे ठरवायला आफ्रिकेतले विषाणू कुणीतरी वाचून सार्वजनिक कोशात टाकलेले असावे लागतात. तुलना हवेत होत नाही.

दूरदेशीची

मी सध्या ब्राझीलमध्ये आहे, साओ पाउलोत, प्रयोगशाळेतली मी नाही पण कामाच्या निमित्तानं आरोग्याच्या माहितीशी रोजचा संबंध. इथल्या लोकांच्या तोंडून ऐकलेलं आणि वाचलेलं लिहिते.

२०१५ च्या उत्तरार्धात ईशान्य ब्राझीलमध्ये, रेसिफे शहरात, लहान डोक्याची बाळं जन्माला यायला लागली. हे आधी कुणाच्या लक्षात आलं? मोठ्या कुठल्या संस्थेच्या नाही. दोन बालमेंदुतज्ज्ञ, आई आणि मुलगी, दोघी वेगवेगळ्या रुग्णालयांत. दोघींचं फोनवर बोलणं झालं, एक म्हणाली माझ्याकडे एकाच वेळी अशी इतकी बाळं आली आहेत, दुसरी म्हणाली माझ्याकडेही. त्याच सुमाराला कॅम्पिना ग्रांदे नावाच्या आतल्या शहरात आद्रियाना मेलो या डॉक्टरबाईंनी गर्भजल तपासायला पाठवलं आणि त्यात झिका निघाला. १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी जाहीर केली. त्याआधीचे शोध सगळे स्थानिक माणसांचे आहेत, हे इथे कुणालाही विचारा, ताठ मानेनं सांगतात.

मग परदेशी मंडळी आली. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. २०१६ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या आणि ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी मिळून एका मिनीबसमध्ये प्रयोगशाळा बसवली आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं नाताल, जुआंव पेसोआ, रेसिफे, मासेयो, साल्वादोर अशी फिरवली. प्रत्येक ठिकाणच्या सरकारी प्रयोगशाळेत शिरायचं, तिथले नमुने तिथेच तपासायचे, तिथल्या लोकांना शिकवायचं, पुढे जायचं. नमुना ब्राझीलबाहेर न्यायचाच नाही. विषाणूचा आराखडा वाचायचं यंत्र हातात मावेल एवढं, मिनायन नावाचं, लॅपटॉपला जोडलं की झालं. अडचण निराळीच आली. झिकाच्या रुग्णाच्या रक्तात विषाणू इतका कमी असतो की यंत्राला वाचायला काही मिळेना. शेवटी विषाणूचे छोटे, एकमेकांवर चढलेले तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा वाढवायचा अशी पद्धत बसवली, तेव्हा काम चाललं.

तीच पद्धत त्याच गटानं जानेवारी २०२० मध्ये करोनासाठी बदलून सगळ्यांसाठी फुकट खुली केली. जगभर, भारतातसुद्धा, करोनाची रूपं वाचायला ती वापरली. ब्राझीलच्या एस्टर साबिनो त्या मिनीबसच्या प्रकल्पात होत्या, आणि ब्राझीलच्या पहिल्या करोना रुग्णाचा विषाणू त्यांच्या गटानं दोन दिवसांत वाचला.

मुळामुठा

ही माहिती माझ्यासाठी पूर्ण नवी आहे. मिनीबसवाल्यांनी नमुने बाहेर नेले नाहीत, ते तत्त्व म्हणून की कायद्यानं बांधलेले होते म्हणून?

दूरदेशीची

दोन्ही. ब्राझीलचा जैवविविधतेचा नवा कायदा नेमका २०१५ च्या नोव्हेंबरात लागू झाला होता, आणि नमुने बाहेर पाठवायचे की नाही यावर साथीच्या ऐन भरात गोंधळ होता. परदेशी वर्तमानपत्रं ब्राझीलवर "नमुने अडवून ठेवले" म्हणून ओरडत होती. इथले लोक म्हणत, आमची बाळं, आमचं रक्त, आणि शोधनिबंधात आमचं नाव सातवं.

दुसरी बाजूही सांगते. युरोपीय महासंघानं २०१६ मध्ये झिकासाठी तीन मोठे संशोधनसंघ उभे केले, अनेक देशांतल्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवायची, बाळांचा पाठपुरावा करायचा. पण करार, नैतिक समित्यांच्या मंजुऱ्या, संमतीपत्रांची भाषांतरं हे सगळं होईस्तोवर साथच ओसरली. लस तपासायलाही पुरेसे रुग्ण उरले नाहीत. साथ संपल्यावर बंब पोचला, असं झालं.

नियमबुवा

याच दुखण्यावर औषध शोधायचा प्रयत्न अजून चालू आहे. इंडोनेशियानं २००७ मध्ये बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं होतं. त्यांचं म्हणणं, आमच्या विषाणूवरून लस तुम्ही बनवणार आणि आम्हालाच परवडणार नाही अशा भावात विकणार. त्यातून २०११ साली एक जागतिक चौकट ठरली: नमुने द्या, बदल्यात लस-औषधांत वाटा घ्या. पण ती फक्त साथकारक फ्लूला लागू. झिका, डेंग्यू, चिकुनगुन्या यांना ती चौकट नाही. २० मे २०२५ ला जागतिक महासाथ करार मंजूर झाला, पण नमुने आणि लाभ यांच्या वाटपाचं परिशिष्ट मागे ठेवूनच. म्हणजे हुंड्यावरची बोलणी राहू देत, आधी अक्षता टाकू.

"भागीदारी म्हणजे आपण देणारे, ते घेणारे" असं सरसकट नाही, हेही नोंदवतो. डेंग्यूच्या लसीचे मूळ विषाणू अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं तयार केले. तेच साओ पाउलोच्या बुतांतान संस्थेनं घेतले, पुण्याच्या सीरम या लस कंपनीनं घेतले, पॅनेशिया बायोटेक या भारतीय कंपनीनं घेतले. पॅनेशियाच्या लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी आयसीएमआरबरोबर ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली, दहा हजारांवर माणसं, १९ केंद्रं.

काचनळी

सोनीपतहून रोहतक पन्नासेक किलोमीटर. हरियाणानं आम्हाला पुन्हा घरात घेतलं म्हणायचं.

मी एक धागा पुरा करतो. १९७५ साली ते दिल्लीचं युनिट मोडलं आणि त्याच वर्षी आयसीएमआरनं पाँडिचेरीत कीटकवाहक नियंत्रण संशोधन केंद्र काढलं. आता त्याच पुद्दुचेरीच्या केंद्रानं ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाबरोबर मिळून एडिसची नवी जात वाढवली आहे, वोल्बाकिया नावाचा जिवाणू पोटात असलेली. २०२२ मध्ये जाहीर केलं. हा जिवाणू फळमाश्यांत निसर्गतःच असतो, डासात घातला की डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. आणि तो आईकडून अंड्यांत उतरतो, त्यामुळे हळूहळू सगळी वस्तीच तशी होते. डास बाहेरून आणायचे, पण पुढच्या पिढ्या इथल्या डासांशी संकर करून इथल्याच करायच्या.

कोपरखळी

आणि ते चालतं याचा पुरावा? जाहिरात नको.

काचनळी

इंडोनेशियातलं योग्यकर्ता शहर. २४ भाग पाडले, चिठ्ठ्या टाकून १२ भागांत वोल्बाकियाचे डास, १२ भागांत नाही. निकाल २०२१ मध्ये छापून आला. डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी, रुग्णालयात भरती ८६ टक्क्यांनी कमी. काम मोनाशच्या स्कॉट ओनील यांच्या गटाचं आणि तिथल्याच गाजा मादा विद्यापीठाच्या आदी उतारिनी या बाईंचं. पैसा एका इंडोनेशियन कुटुंबाच्या धर्मादाय संस्थेचा. पीएल-४८० नाही, बरं का.

त्यांनी डास गाडीतून उधळले नाहीत. घरोघर झाकणाची बादली दिली, आत पाणी, अंड्यांची पट्टी आणि थोडं खाद्य. बादलीच्या वर भोकं. डास त्यांच्याच अंगणात जन्माला येऊन उडून जायचे. बादली ठेवायला घरच्यांची परवानगी, आणि ती मिळवायला आधी कित्येक वर्षं गल्लीतल्या बैठका. आपण खेड्यात जीपमधून उतरून भिंतीवरचे डास ओढत होतो तेव्हा घरमालकिणीला काय सांगायचो? "सरकारी काम आहे."

रिकामटेकडी

इंडोनेशियात सगळे खूश?

दूरदेशीची

नाही. बालीत २०२३ मध्ये हेच सुरू करणार होते. "बिल गेट्सचे डास" म्हणून एवढा ओरडा झाला की कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. देश तोच, पुरावा तोच. इथे ब्राझीलमध्ये मात्र २०२५ च्या जुलैत कुरितिबाला वोल्बाकिया डासांचा कारखाना सुरू झाला.

बार्शीलाईट

आपल्याकडेही जालन्यात एक प्रयोग झाला होता ना? बदनापूर तालुक्यात दावलवाडी. २०१७ मध्ये ब्रिटनच्या ऑक्सिटेक कंपनीचे जनुकबदल केलेले एडिस नर मोकळ्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले होते. मराठवाड्यातल्या किती लोकांना ते माहीत होतं कुणास ठाऊक. मला तरी रुग्णाकडून कळलं, तेही "डॉक्टर, हे खरं आहे का?" असं.

आणि साथीच्या प्रतिसादाबद्दल दवाखान्यातून एक तक्रार. नमुना वर जातो, खाली काही येत नाही. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिका निघाला. गावात बहुतेकांना चिकुनगुन्या होता आणि झिका निघाला एका बाईंना. लगेच गावात निरोध वाटले, गरोदरपण पुढे ढकला म्हणून सांगितलं, टीव्हीच्या गाड्या आल्या. गाव बदनाम झालं, मुलीकडचे लोक पाहुणे म्हणून यायला कचरत होते असं तिकडचे नातेवाईक सांगत. आम्ही आजूबाजूच्या जिल्ह्यातले डॉक्टर वर्तमानपत्र वाचून शहाणे होत होतो. परदेशी भागीदार राहू द्या, पुण्याची प्रयोगशाळा आणि तालुक्याचा दवाखाना यांच्यात आधी भागीदारी करा. रेसिफेच्या मायलेकींचा फोन मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. माझ्याकडे विचित्र काही आलं तर मी फोन कुणाला करू?

मुळामुठा

+१०१. हा मुद्दा खरं तर मूळ लेखात यायला हवा होता इतका कळीचा आहे.

रिकामटेकडी

आता सगळ्यांना एकच प्रश्न, गोल गोल उत्तर नको. उद्या पुद्दुचेरीचे वोल्बाकियावाले डास पुण्यात सोडायचे ठरले आणि तुमच्या सोसायटीत बादली ठेवू का विचारलं, तर?

मुळामुठा

हो. जिन्याखाली जागा आहे. अध्यक्षांना पटवायचं काम मात्र दुसऱ्या कुणीतरी करा.

काचनळी

हो. आणि पहिल्या आठवड्यात बादलीत डोकावायला येईन.

बार्शीलाईट

बार्शीत आधी पाणी रोज येऊ द्या, लोक पिंपं भरून ठेवायचं थांबतील. एडिस तिथेच जन्मतो. मग बादलीही ठेवू.

कोपरखळी

ठेवीन. अटी तीन. करार मराठीत छापून सोसायटीच्या फलकावर लावायचा. डेंग्यूचे आमच्या वॉर्डाचे आकडे, कमी झाले तरी आणि वाढले तरी, दर महिन्याला त्याच फलकावर. आणि नको वाटली तर बादली मी उचलून ठेवणार, कुणी "सरकारी काम आहे" म्हणायचं नाही.

काचनळी

तिसरी अट योग्यकर्त्यात होतीच. पहिल्या दोन लिहून पुद्दुचेरीला पाठवतो, पत्ता आहे माझ्याकडे.